अठ्ठेचाळीस ग्रॅम

दादा एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होता. या काळात त्याने किती दुकानदारांचे काटे जप्त केले याची गणती नाही, आणि किती दुकानदारांनी त्याच्या नावाने बोटं मोडली याचीही नाही. माणूस निवृत्त होतो हो, पण खोड कुठली निवृत्त व्हायला! म्हणून धाकट्या बहिणीने आपल्या गिर्यारोहण मोहिमेत त्याला भांडारप्रमुख केलं, तेव्हा बाकीच्यांवर काय संकट कोसळलंय हे त्या बिचाऱ्यांना कळलंच नाही.

कळलं ते चाल सुरू झाल्यावर. माणशी पंधरा किलो, वर एक ग्रॅमही नाही, हा बहिणीचा नियम. लीडर तीच. दादाने नियम ऐकला आणि अंगात वारं शिरल्यासारखा कामाला लागला. टूथब्रशांचे दांडे करवतीने कापले. लांब्या म्हणून एक उंचाडा गडी कादंबरी घेऊन आला होता, तिची वाचून झालेली पानं दादा रोज संध्याकाळी फाडून घ्यायचा.

“अहो, पण मला मागचं आठवत नाही!”

“मग वाचलंस कशाला?”

आचारीबुवांच्या झाऱ्याचा दांडा त्याने अर्धा केला. तेव्हापासून आचारीबुवा रोज हात भाजून घेत होते आणि दादाकडे बघून काहीतरी पुटपुटत होते. ते ऐकू आलं नाही तेच बरं.

मुक्कामाला पोचलं की प्रत्येकाची सॅक काट्याला लटकवायची, आकडा वहीत उतरवायचा. सामानाच्या यादीला दोनच रकाने, ‘लागेल’ आणि ‘जादा’. जादा ते पिशवीत भरून मागेच ठेवायचं. परतताना उचलू.

आता साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस इतक्या उंचीवर धापा टाकत कशाला आला होता? तर तीन वर्षांपूर्वी बहीण एका शिखरावर वादळात अडकली होती. नऊ दिवस निरोप नाही. दादा नऊ दिवस फोनपाशी बसून होता. दाढी नाही, धड जेवण नाही. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि नाही वाजला की त्याहून जास्त. दहाव्या दिवशी फोनवर तिचा आवाज आला, “दादा, जेवलास का?” त्यावर हा गडी लहान पोरासारखा रडला. पुन्हा ही डोंगरावर गेली तर आपण घरात बसायचं नाही, हे त्याने तेव्हाच ठरवलं. शिखर आपल्या बापाच्याने चढवणार नाही, कबूल. पण बेसकॅम्पवर तर बसता येईल! जितकं जवळ बसता येईल तितकं जवळ.

बहिणीने बरेच आढेवेढे घेतले. त्यालाही कारण होतं. सरावाच्या शिबिरात दादाने स्टोव्हची पिन ‘जादा’ म्हणून मागे ठेवली होती आणि तीन दिवस तोंडातून ब्र काढला नव्हता. तीन दिवस सगळ्यांनी कोरडी बिस्किटं चघळली.

“चूक कोणाचीही होते,” ती म्हणाली होती. “पण वर गेल्यावर चूक लपवली की माणसं जातात. पुन्हा काही लपवलंस ना दादा, तर ज्या खेचरांबरोबर आलास त्याच खेचरांबरोबर खाली.”

बेसकॅम्पवर पोचले ते भर दुपारी. बेसकॅम्प म्हणजे काय, सगळीकडे दगड आणि दगडाखाली बर्फ. तंबूची एक खुंटी ठोकायला पाच माणसं, कारण चौघं धापा टाकणार. लांब्याने एक बूट काढला आणि दुसरा काढायच्या आधी दम खायला आडवा झाला. डॉक्टरीणबाई बोटाला चिमटा लावून एकेकाचा ऑक्सिजन बघत होत्या आणि आकडा वाचून “हं” म्हणत होत्या. त्या “हं”नेच निम्म्या लोकांचं डोकं दुखायला लागलं.

दादाने काटा टांगला. लीडरची सॅक आली पंधरा किलो पन्नास ग्रॅम.

“छोटी, काल विश्रामगृहावर बरोबर पंधरा होती.”

“ओला मोजा असेल.”

“मोजे कोरडे आहेत. मी बघितलेत.”

“भांडारप्रमुख, तुम्ही पुढची सॅक घ्या.”

बहीण तुम्हीवर आली की विषय संपला, हे दादाला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. त्याने वहीत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढची सॅक घेतली.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या तंबूतून आचारीबुवांची आरोळी आली, “माझ्या कुकरची रिंग कुठाय?”

सगळे तिकडे धावले. म्हणजे मनाने धावले, पाय आपले सावकाश चालत होते. इतक्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण त्याला म्हणावी तशी आच नसते. कुकर नसेल तर वाटाणा दिवसभर रटरटला तरी गोटीचा गोटीच राहतो. आणि खायला होते पोतंभर वाटाणे, मुक्काम चाळीस दिवसांचा.

दादाने हातातली वही हळूच पाठीमागे धरली. काल विश्रामगृहावर भांड्यांच्या पोत्यात फडक्यात गुंडाळलेलं एक काळं रबरी कडं त्याला सापडलं होतं. ना त्याला मूठ, ना दांडा. दादाने ते छोट्या काट्यावर तोललं होतं आणि ‘जादा’त लिहिलं होतं, ‘रबरी कडं, नग एक, ४८ ग्रॅम, उपयोग अज्ञात.’ एकतीस वर्षं काटा हातात धरला, पण कुकर मात्र आयुष्यात कधी धरला नव्हता.

मग सुरू झाले उपाय. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळली, ती वितळून असा वास सुटला की डॉक्टरीणबाई नाकाला रुमाल लावून बाहेर पळाल्या. दोर वळून घातला, तर वाफ चहूबाजूंनी फुसफुसली. सर्वांत उत्साहाने दादाच पळापळ करत होता. खाई त्याला खवखवे! शेवटी लांब्याने एक वाटाणा दाताखाली धरला. कडकन आवाज झाला, आणि तो वाटाण्याचा नव्हता.

“मी स्वतः फडक्यात गुंडाळून ठेवली होती हो,” आचारीबुवा रडकुंडीला आले. “थंडीने तडकू नये म्हणून.”

लीडरने सगळ्यांकडे एकदा बघितलं. दादाकडे जरा जास्त वेळ बघितलं की त्याला तसं वाटलं, कोण जाणे. चोराच्या मनात चांदणं.

“आचारीबुवा,” ती म्हणाली, “रिंग तुमच्या ताब्यात होती. खेचरं तीनला खाली निघतायत. तुम्ही निघा.”

आचारीबुवांनी तो अर्ध्या दांड्याचा झारा उचलला आणि फडक्याने पुसायला लागले.

दादाच्या डोळ्यांपुढे तो फोन आला. आता तोंड उघडलं की पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ते नऊ दिवस. गप्प बसलं तर कोणाला काय कळणार आहे? आचारी काय, दुसरा मिळेल. असं त्याने मनात म्हणून बघितलं, पण त्या झाऱ्याकडे बघवेना.

“मी ठेवली,” तो ओरडला. वाऱ्यामुळे कोणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून बिचाऱ्याला पुन्हा ओरडावं लागलं. “रिंग मी मागे ठेवली! जादा म्हणून! आचारीबुवांचा काही दोष नाही!”

आचारीबुवांनी झारा उगारला. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या.

लीडर एवढंच म्हणाली, “नियम तुम्हाला माहीत आहे.” आणि आपल्या तंबूत निघून गेली.

दादाने सामान बांधलं. खाली जाणाऱ्या मालाची नोंद व्हायला हवी, म्हणून वही उघडून ‘जादा’च्या रकान्यात लिहिलं, ‘भांडारप्रमुख, नग एक, ७१ किलो.’ डोळे भरून आले होते, पण आकडा चुकला नाही. मग पान मिटताना त्याला ते प्रश्नचिन्ह दिसलं. पन्नास ग्रॅम!

तो काटा घेऊन तडक बहिणीच्या तंबूत घुसला.

“छोटी, सॅक परत तोलायची आहे. त्यात पन्नास ग्रॅम—”

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली आणि तिने सॅकमधून ते रबरी कडं काढून त्याच्या हातात ठेवलं.

दादाने सवयीने ते हातातच तोलून बघितलं. “म्हणजे तू...”

“तुझी जादाची पिशवी मी प्रत्येक मुक्कामाला मागून उचकते. तुझ्याबरोबर वाढलेय मी.”

“आणि मघाशी सगळ्यांसमोर माझा जीव टांगणीला लावलास! अर्धा तास!”

“तीन दिवस बिस्किटं खाल्लीयेत मी. अर्धा तास काय घेऊन बसलास?” तिने नाक ओढलं. “तू बोलला नसतास ना दादा, तर तुला खरंच खाली पाठवलं असतं. आणि मग वर माझं लक्ष लागलं नसतं.”

बाहेर खेचरवाला हाका मारत होता, खाली जाणारं सामान आणा म्हणून. बहिणीने दादाच्या हातातली वही ओढून घेतली, शेवटची नोंद वाचली आणि एकदम खो खो हसत सुटली. मग डोळे पुसत पेन्सिल घेतली, ‘जादा’तली ती ओळ खोडली आणि शेजारच्या ‘लागेल’च्या रकान्यात लिहिली.

“जा, रिंग देऊन ये,” ती म्हणाली. “आणि आचारीबुवांसमोर जरा वाकून जा. झारा अजून हातात आहे त्यांच्या.”