सातवं पान

मॅडमनी छापील पुस्तिकेचं सातवं पान उघडलं आणि विभागप्रमुखांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"सर, यात उत्तरं छापली आहेत."

"मग? पुस्तिकेत उत्तरं नसतील तर कुठे असतील?"

"पंप का बिघडला ते मुलांनी शोधायचं, एवढाच तर प्रयोग आहे."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. या प्रयोगासाठी मॅडम तीन वर्षं भांडल्या होत्या. भंगारातले पाण्याचे पंप मुलांपुढे ठेवायचे आणि बिघाड शोधा म्हणायचं, बस. पहिल्या वर्षी मुलांनी तक्रार केली, दुसऱ्या वर्षी पालकांनी. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाची समिती आली, खूश झाली आणि तिने हा नवोपक्रम सगळ्या महाविद्यालयांना लागू केला. लागू करायचा म्हणजे पुस्तिका आली, ठरावीक बिघाड आले, बिघाडाला गुण आले. पंप एक, वॉशर फाटलेलं. पंप दोन, पात्यात गाळ.

"पहिल्या पानावर तुमचंच नाव आहे," सर म्हणाले. "आता कशाला फाटे फोडता?"

"भीक नको पण कुत्रं आवरा, असं झालंय सर," मॅडम म्हणाल्या आणि पुस्तिका मिटून निघाल्या.

प्रयोगशाळेत दहाव्या मिनिटाला सगळ्यांची उत्तरं लिहून झाली होती. नट उघडायचे पाने पेटीत जसेच्या तसे होते.

"कुणी उघडून पाहिलं?"

"गरजच नाही पडली मॅडम," पुढची मुलगी म्हणाली. तिने वहीला स्वच्छ कव्हर घातलं होतं.

मॅडमनी आपल्या खोलीत जाऊन कागद घेतला. 'पुस्तिकेवरून माझं नाव काढावं,' एवढं लिहायला त्यांना तीन कागद लागले. सही करणार तोच प्रयोगशाळेतून भांडणाचे आवाज आले. तास संपून वीस मिनिटं झाली होती.

त्या आत गेल्या. चारही पंप उघडे पडले होते. कव्हरवाल्या मुलीचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

"मॅडम, पुस्तिका खोटी आहे. तुम्ही विचारलंत म्हणून उघडून पाहिलं. वॉशर चांगलं आहे. तरी आम्ही बदलून पाहिलं. पाणी चढतच नाही."

"आमच्या पात्यात गाळ नाही," मागून कुणीतरी ओरडलं.

मॅडमनी पंपावर हात ठेवला. त्यावरच्या 'एक' आकड्याचा ओला रंग त्यांच्या बोटाला लागला.

प्रयोगशाळा सहायक कोपऱ्यात बेसिनपाशी हात धूत होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शिकवायचं मॅडमनी आणि हात काळे करायचे आम्ही, हे त्यांचं तीन वर्षांचं पालुपद होतं.

"मामा, आकडे कुणी रंगवले?"

"पुसट झाले होते," मामा पाठमोरेच म्हणाले. "गिरवले."

"ज्याचा त्याला?"

मामांनी नळ बंद केला आणि फडक्याला हात पुसत राहिले. बोटांच्या पेरांवरचा पांढरा रंग काही निघत नव्हता.

"माझं अक्षर-आकड्याचं तसं कच्चंच आहे, मॅडम."

"मॅडम, मग नेमका बिघाड कुठे आहे?" मुलीने विचारलं.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मॅडमनी स्टूल ओढलं आणि पंपापाशी बसल्या.

"घरी फोन करून सांगा," मामा फडकं खांद्यावर टाकत मुलांना म्हणाले. "आज उशीर होणार."