माझा हरवलेला पहिला इंच

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असते ना, तसली. माझी गोष्ट सुरुवातीपासून सांगायला मला फार आवडलं असतं, पण अडचण अशी की माझी सुरुवातच हरवली आहे. माझ्या टोकाचा पहिला इंच जळून गेला. ते कसं झालं आणि त्या एका इंचाने पुढे केवढा घोटाळा केला, तेच आज सांगणार आहे.

कारखान्यात जाड सुती पट्टीवर पिवळं रोगण चढवून, त्यावर काळे आकडे उमटवून मला बनवलं. एक ते साठ. दोन्ही टोकांना चकचकीत पितळी टोप्या होत्या. मावशीने स्वतःचं दुकान काढलं, त्या दिवशी तिने मला विकत आणलं. एक शटर, दोन मशीनं, एक लांब टेबल आणि एक आरसा, एवढंच ते दुकान. मावशी खरं तर एकाच मुलीची मावशी. पण त्या मुलीचं ऐकून ऐकून सगळी गल्ली तिला मावशी म्हणू लागली.

एकदा दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिने तापलेली इस्त्री नेमकी माझ्या टोकावर टेकवली. करपलेला तुकडा कात्रीने कापून टाकावा लागला. टेप बदलायचा तिला कंटाळा आला. तिने मनाशी ठरवलं की आकडा वाचायचा आणि त्यातून एक वजा करायचा. पुढची कित्येक वर्षं ती न चुकता एक वजा करत राहिली. मदतीला आलेल्या एका कारागिराला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मावशीने वहीत लिहिलेल्या मापाप्रमाणे, माझ्यावर कापड मोजून एका गृहस्थांच्या चार पँटी शिवल्या. चारही इंचभर आखूड झाल्या आणि पुढचं वर्षभर त्या गृहस्थांचे मोजे सगळ्या गल्लीला पाठ झाले.

मावशीची आणखी एक सवय होती. माप घेताना ती माझ्या आणि माणसाच्या मधे स्वतःची दोन बोटं घालायची. लोकांनी कारण विचारलं की म्हणायची, "ही श्वासाची जागा." त्या दोन बोटांमुळे मला कुणाच्या अंगाला कधी काचावं लागलं नाही. मी हजारो माणसं मोजली, पण दोघांची मापं सगळीच्या सगळी जुळली असं कधी झालं नाही. जुळ्या भावांचीसुद्धा नाही. लोक मला म्हणायचे, "मावशीची टेप म्हणजे पक्कं माप." खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी खूप सुखावायचे.

मग नवी टेप आली. हिरवीगार, न ताणणारी, दोन्ही टोकं शाबूत. मला मावशीने मशीनच्या मागच्या खिळ्याला अडकवलं. मी पाच वर्षं तिथे लोंबत होते. धूळ बसली, रोगणाला भेगा पडल्या. मावशीला माझी आठवण येत नव्हती, असं मला वाटायचं.

आता तिच्या भाचीबद्दल सांगते. तिला सगळे खारू म्हणतात. लहानपणी ती दुकानात बसून बटणं गालात साठवायची, म्हणून खारू. आता ती तेरा वर्षांची आहे आणि शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. त्या ट्रम्पेटचा आवाज दुकानात आला की मावशी मशीन थांबवायची. तिची आई बस चालवते, तीही दुकानासमोरून जाताना हॉर्न दोनदा वाजवते. एकूण घरच तसं आवाजाचं.

बँडचे कोट दरवर्षी मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे येतात आणि मावशी ते बेतून देते. यंदा एका दिवसात वीस कोट आले. खारूचा कोट शेवटचा. मावशी दमलेली, ओठांत टाचण्या धरलेल्या. बटण लागेना तेव्हा तिने घाईत म्हटलं, "जरा पोट आत घे बघू." खारूने पोट आत घेतलं, बटण लागलं, मावशीने हुश्श केलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ती दोन बोटं घातली नव्हती. मी खिळ्यावरून पाहत होते, पण मला तोंड आहे कुठे?

पुढे जे झालं ते मला खारूच्या रडण्यातून कळलं. पहिल्याच सरावात तिने मोठा सूर लावायला छाती भरून श्वास घेतला आणि कोटाचं मधलं बटण तुटून थेट समोरच्या ढोलावर जाऊन टण्णकन आपटलं. सगळा बँड हसला. खारूही हसली. पण नंतर कुणीतरी 'फुगा' म्हटलं, आणि ते नाव तिला चिकटलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर फुगा काढलेला होता, त्याच्या तोंडाला ट्रम्पेट.

त्याच संध्याकाळी ती दुकानात आली. मावशी दारात कुणाशी बोलत होती. खारूने हळूच मला खिळ्यावरून काढलं आणि दप्तरात टाकलं. पाच वर्षांनी कुणीतरी हात लावला म्हणून मला किती आनंद झाला! तो फार टिकला नाही.

तिने न्हाणीघराची कडी लावली, श्वास रोखला आणि मला कमरेभोवती करकचून आवळलं. बोटं नाहीत, जागा नाही. मग टोकापासून आकडा वाचला. सत्तावीस. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तिने तो लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मित्रांनो, त्या सत्तावीसमधून एक वजा करायचा असतो. हे त्या कारागिरासारखंच खारूलाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी नुसती तिच्या हातात लोंबत होते.

त्यानंतर ती रोज मला वापरू लागली. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, कधी कधी जेवणाच्या आधी आणि नंतरही. आकडा उतरला की ती घटकाभर खूश असायची. चढला की दिवस वाया जायचा. तिचा डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. आईला ती सांगायची की मैत्रिणीबरोबर खाल्लं. उकाड्यातही ढगळ स्वेटर घालायची. पोहायला जाणं बंद केलं. दुकानाच्या काचेत, थांबलेल्या गाडीच्या खिडकीत, जिथे तिथे बाजूला वळून स्वतःला बघायची. मावशीच्या दुकानावरून जाताना तोंड वळवायची. आणि एके दिवशी तिने मला स्वेटरच्या आत कमरेला गुंडाळलं आणि गाठ मारली. भूक लागली की मी तिला काचावं आणि खाण्यापासून थांबवावं, म्हणून.

मी मोजण्यासाठी जन्मले होते. कुणाला बांधून ठेवणं माझ्या कुळात नव्हतं.

शाळेच्या समारंभाला आठ दिवस उरले होते. खारूच्या वाट्याला एकटीने वाजवायचा एक लांब सूर होता, सगळा बँड थांबून तो ऐकणार होता. सरावात तिने श्वास घेतला, तो गाठीपाशी अडकला. सूर निघाला आणि मधेच विझला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती ट्रम्पेट सांभाळत खाली बसली. बँडचे सर धावले. आई बसवर होती, म्हणून त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. सर कळवळून म्हणाले की असंच चाललं तर हा सूर दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, पोरीच्या जिवापेक्षा सूर मोठा नाही. ते ऐकून खारूचा चेहरा उतरला. तिला त्या सुराशिवाय दुसरं काहीच नको होतं.

मावशीने तिला दुकानात आणलं, खुर्चीवर बसवलं आणि श्वास मोकळा व्हावा म्हणून स्वेटर वर केला. तिथे मी होते.

मावशी गाठीपाशी वाकली. गाठ घट्ट बसली होती. कात्री हाताशी होती, पण तिने ती घेतली नाही. नखांनी उकलत बसली. गाठ सुटल्यावर खारूच्या अंगावर उमटलेल्या लाल रेघेवर तिने हात ठेवला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"बटण उडालं तेव्हापासून. सत्तावीस होतं, मावशी."

मावशीने माझं टोक तिच्यापुढे धरलं. "इथे पितळी टोपी आहे का? हिचा पहिला इंच जळालाय. मी नेहमी एक वजा करते."

खारू क्षणभर टोकाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे सव्वीसच होतं?"

मला वाटलं, चला, दोघी सुटलो. पण मावशीचा चेहरा आणखी गंभीर झाला.

"हेच मला आवडलं नाही," ती म्हणाली. "एका करपलेल्या टेपने तुला महिनाभर रडवलं, आणि आता तीच तुला हसवतेय. उद्या खरोखरचं सत्तावीस झालं, तर काय करशील? आणि ते होणार, खारू. तू वाढतेयस."

मग तिने कपाटातून मापांची जुनी वही काढली. त्यात खारूच्या आईची मापं होती, बारा, तेरा, चौदा, पंधरा वर्षांची. प्रत्येक ओळीत आकडे पुढे सरकलेले. एका वर्षी तर तिचा शाळेचा कोट दोनदा उसवावा लागला होता. खारू बोट ठेवून ओळी वाचत होती. आईही कधी तेरा वर्षांची होती आणि कुठल्या तरी कोटात मावत नव्हती, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चूक कोटाची होती," मावशी म्हणाली, "आणि कोट मी बेतला होता. पोट आत घे म्हणाले ती मीच. इतकी वर्षं हे काम केलं आणि स्वतःच्या भाचीला श्वासाची जागा ठेवली नाही मी."

तेव्हा खारू रडली. मावशीच्या कुशीत, पोटभर.

मित्रांनो, एका संध्याकाळी सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी आईने सुट्टी घेतली आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. शाळेतल्या समुपदेशक ताईंशी ती दर आठवड्याला बोलू लागली, अजूनही बोलते. काही दिवस जेवण आनंदाने व्हायचं, काही दिवस ताटापुढे नुसतं बसणं व्हायचं, आणि आई शेजारी बसून राहायची. बँडच्या सरांनी मुलांना एकत्र बसवून विचारलं की बटण कशाने उडालं. मग स्वतःच म्हणाले की श्वासाने उडालं, आणि एवढा श्वास तुमच्यात दुसऱ्या कुणाकडे आहे ते दाखवा. दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा फुगा पुसलेला होता.

कोट मावशीने पूर्ण उसवला. माप घ्यायला तिने हिरवी टेप उचलली, पण खारूने मलाच पुढे केलं. मावशी म्हणाली, "आता वाजवताना घेतेस तसा श्वास घे आणि धरून ठेव." खारूने छाती आणि पोट भरून श्वास घेतला. मावशीने दोन बोटं घातली. आकडा वाचताना ती एक वजा करायला विसरली नाही, पण तो मोठ्याने उच्चारला मात्र नाही. नुसता वहीत लिहिला आणि वही मिटली. मग दोन्ही बाजूंना त्याच रंगाच्या कापडाच्या कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, घातल्या आणि शिवणीच्या आत पुढच्या वर्षासाठी जास्तीचं कापडही सोडलं.

समारंभाच्या दिवशी मी मावशीच्या गळ्यात होते. सगळा बँड थांबला. खारूने श्वास घेतला. कोट तिच्याबरोबर फुगला, बटणं जागची हलली नाहीत. तिचा सूर इतका वेळ चालला की शेवटी मावशीचाच श्वास संपला. मागे उभी राहिलेली आई दोनदा शिटी वाजवून मोकळी झाली, हॉर्न जवळ नव्हता म्हणून.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण धूळ बसायला वेळ नाही. परवाच खारूने ट्रम्पेटसाठी पिशवी शिवायला घेतली आणि मावशीला विचारून मला नेलं. तिने ट्रम्पेट मोजला, त्याच्या आणि माझ्या मधे दोन बोटं घातली आणि ओठांतल्या ओठांत एक वजा केला. मित्रांनो, मोजायला बसलात की तुम्हीही आधी ती दोन बोटं घाला, आणि कुणी काही विचारलंच, तर सांगा की ही श्वासाची जागा आहे. आणि एखाद्या आकड्याने तुम्हाला रडवायला घेतलं, तर गाठ एकट्याने ओढत बसू नका. ती सोडवायला कुणाला तरी हाक मारा.