अंधारातलं पांढरं

"सायकलस्वार दिसला नाही." पोलिसांच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं, आणि दोन महिने रकियाच्या डोक्यात तेच घुमत होतं. दिसला नाही म्हणे! अहो, तिचा नवरा बीही, त्याच्यासारखा सहा फुटी बाप्या, कॅरियरवर लसूणघासाचा हा एवढा भारा, आणि दिसला नाही! भाऱ्याखाली सायकलची मागची, उजेडात चमकणारी लाल काच झाकली होती हे खरं. मोरोक्कोतल्या या तारुदांतात घास नेणाऱ्या सगळ्यांचीच झाकलेली असते. म्हणून काय माणसं चिरडायची? बरं, चिरडणारा अब्देलहक अजून संत्र्यांच्या त्याच शेडची गाडी चालवत होता आणि रकिया त्याच शेडमध्ये संत्री निवडत होती. करते काय, पोट आहे.

लोक येऊन सांगायचे, नशिबात लिहिलेलं होतं. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

थंडीच्या दिवसांत शेड सुटेपर्यंत अंधारून यायचं. पंधरा-वीस बायका सायकलींवर गावाकडे निघायच्या. अंगभर काळ्या चादरी, चादरीचा घोळ मागच्या लाल काचेवर. चाकाला घासून पेटणारा दिवा प्रत्येकीकडे होता, पण तो लावला की पॅडल जड जातं, म्हणून सगळ्यांनी वर उचलून ठेवलेला. रकियाची एकोणीस वर्षांची तिझिरी त्यांच्यातलीच एक.

तिच्यासाठी रकियाने चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणलं होतं.

"ते झाडूवाल्यांचं? मी नाही घालणार, आई. मुली हसतील."

"हसू देत! त्यांच्या बापाला नाही कोणी चिरडलं."

त्यात सासू नातीच्या बाजूने. "घरात दुखवटा आणि अंगावर झगमगाट? लोक तोंडात शेण घालतील." एवढं बोलून थांबली असती तर म्हातारी कसली! त्या दिवशी सकाळी तिने ते जाकीट सरळ भाकरीच्या भट्टीत घातलं. रकिया दिवसभर धुमसत होती.

संध्याकाळी रस्त्यात मागून अब्देलहकची गाडी आली आणि रकियाच्या बरोबरीने हळू झाली. गाडीचा उजवा दिवा बंद होता. अब्देलहकने खिडकीतून डोकं काढलं.

"वहिनी, राग मानू नका, पण एक सांगतो. तुम्ही पांढऱ्यात आहात ना, कशा लांबून दिसता! बाकीच्या बायका, देवाशप्पथ, जवळ आल्या तरी कळत नाहीत."

चार महिने दहा दिवस विधवेने पांढरं नेसायचं, ही तिथली रीत. रकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सायकल गाडीपुढे आडवी टाकली. अब्देलहकने करकचून ब्रेक दाबला.

"मी तुला दिसावी म्हणून माझा नवरा मरायला हवा होता का रे?"

"वहिनी, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"गप! पुढे माझी पोरगी आहे. दिसते का?"

बायका थांबल्या होत्या. रस्त्याच्या उजव्या कडेला, वेळूच्या कुंपणाशी, तिझिरी एक पाय टेकवून उभी होती. गाडीपासून दहा पावलंसुद्धा नसतील. अब्देलहकने मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"कुठंय?" तो म्हणाला.

 रकियाने अंगावरची पांढरी चादर ओढून काढली, पोरीकडे धावली आणि डोक्यापासून तिच्यावर टाकून पाठीशी गच्च गाठ मारली.

"अगं, काय करतेस!" बायका ओरडल्या. "बिनलग्नाची पोर ती! विधवेचं पांढरं तिच्या अंगावर? नवरा यायच्या आधीच त्याला मारतेस होय?"

"आई, सोड ना, सगळ्या बघतायत," तिझिरी रडायला लागली.

"बघू देत! बघावं म्हणूनच घातलंय." रकियाचा आवाज फाटला होता. "आणि तुम्ही गं! अपशकुन बाधायला आधी पोरगी जिवंत तर राहू दे माझी! काढून तर बघ गं तिझिरी, इथंच तंगडं मोडते."

मग ती अब्देलहककडे वळली.

"आता दिसते?"

त्याने मान खाली घातली. "दिसते."

"मघाशीही ती इथंच होती," रकिया म्हणाली. "तिचा बापही होता."