अबोल्यातला टेलिफोन

मी एक जुना कुत्रा आहे आणि मला माणसांची मने वाचता येतात. खरे सांगायचे तर मने नाही, हात वाचता येतात. मनापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

मित्रांनो, पिल्लू होतो तेव्हा मी शब्दांवर विश्वास ठेवत असे. "ये रे राजा" ऐकले की धावत जायचो आणि आंघोळ व्हायची. मग कळले, गोड बोलणाऱ्याचा एक हात पाठीमागे असेल तर आधी तो पाहावा.

पुढे मी दोन भावांच्या दुकानात राहिलो. ते जुन्या सोफ्यांना नवे कापड चढवत. एका सोफ्यावरच्या पट्ट्या उभ्या घ्यायच्या की आडव्या, यावरून त्यांनी एकमेकांशी अबोला धरला आणि सगळे बोलणे माझ्यामार्फत सुरू झाले.

"साहेबांना सांग, खिळे संपलेत," धाकटा मला म्हणे.

"सांग त्याला, डोळे उघडून बघ म्हणावं. फळीवर आहेत," थोरला मला म्हणे.

मी कोणालाच काही सांगत नसे. तरी काम अडत नव्हते. शेजारचा न्हावी मला 'टेलिफोन' म्हणू लागला.

एके सकाळी धाकट्याने आपली हत्यारे पिशवीत भरली. त्याला वेगळे दुकान थाटायचे होते.

"सांग त्याला, खुशाल जा म्हणावं. इथं कोणाचं काही अडत नाही," थोरला म्हणाला. आवाज अगदी निवांत. पण त्याचा हात माझ्या मानेवर होता आणि माझे केस त्याने मुठीत आवळले होते. तिकडे धाकटा दारात समोरच पडलेल्या चपला शोधत होता.

मी मान सोडवली आणि जाऊन त्या चपलांवर आडवा झालो.

धाकटा मलाच म्हणाला, "त्यांना सांग, आपला कुत्रा उचला."

"अरे गाढवा, त्यालाच काय सांगतोस? मी मेलोय का इथं?" थोरला ओरडला.

कोण कोणाशी बोलले, हे एव्हाना दोघांच्या ध्यानात आले होते.

"दादा, पट्ट्या उभ्याच हव्या होत्या."

"आडव्या. ठेव ती पिशवी खाली."

मित्रांनो, आम्हा कुत्र्यांची काळजी घ्या. विशेषतः घरात समेट झाल्यावर. अबोल्यात दोघेही भाऊ मला वाढत, कारण दुसऱ्याने वाढले का, हे विचारायची सोय नव्हती. आता विचारतात.

जेवण एकदाच मिळते.