ओल्या गवतावरची पकड

लिफ्टवाल्यांनी टायरच्या खाचेत करंगळी घातली. ती पहिल्या पेरापर्यंत आत गेली, तशी त्यांनी ती चटकन बाहेर काढली.

"हा नको."

"का नको?" काकूंनी विचारलं.

"फारच पकडेल."

टायरवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. टायर पकडत नाही म्हणून भांडायला येणारी माणसं त्याने ढिगाने पाहिली होती. पकडेल म्हणून नको म्हणणारं गिऱ्हाईक मात्र त्याच्या दारात पहिल्यांदाच उभं होतं.

"अहो, काय बोलताय? त्यासाठीच आलोय ना आपण?" काकू म्हणाल्या. मग टायरवाल्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्याकडे लक्ष देऊ नका. मला सांगा. ओल्या गवतावरून गाडी झटक्यात बाहेर आली पाहिजे. बस्स."

गाडी दुकानाबाहेर उभी होती. मोटरहोम. आत पलंग, ओटा, टीचभर न्हाणीघर, सगळं चाकांवर. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीतून लिफ्टवाले निवृत्त झाले तेव्हा दोघा नवरा-बायकोंनी ती हौसेने घेतली होती. अशा गाड्यांना मुक्काम करता येईल अशी कुरणं गावाबाहेर असतात; तिथे जायचं, दोन-चार दिवस राहायचं, परत यायचं. जाण्यात काही अडचण नव्हती. अडचण निघताना. दवाने नाहीतर पावसाने गवत ओलं झालेलं असे, काकू स्टिअरिंगवर बसत, लिफ्टवाले मागून हात लावत, आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरत. मग आजूबाजूच्या गाड्यांमधून माणसं उतरत. कोणी फळी आणी, कोणी दोर, आणि ज्यांच्याकडे काहीच नसे ते सल्ला घेऊन येत.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं होई. मागच्या खेपेला तर एका बाईने दुसरीला विचारलेलं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "या त्याच ना गं, दर वेळी रुतणाऱ्या?" त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधी काकूंनी जाहीर केलं होतं: टायर बदला, नाहीतर गाडी विका.

"हे बघा," टायरवाला म्हणाला. त्याने दोन टायर शेजारी उभे केले. "हा आत्ता तुमच्या गाडीला आहे तसलाच. रस्त्यावर लोण्यासारखा पळतो, पण गवतावर याच्या खाचा चिखलाने भरतात, की झाला गुळगुळीत. आणि हा रुंद खाचांचा. चिखल बाहेर फेकतो, गवतात दात रोवतो. रस्त्यावर थोडा आवाज करेल, तेवढं सोसा."

"आवाजाचं काही नाही. घरात तरी कुठे आवाज असतो?" काकू म्हणाल्या.

"पण काकू, एक विचारू? तिथे खडीच्या टणक जागा असतात की. तिथे का नाही लावत?"

"ते यांना विचारा. टणक जागा रिकामी असली तरी आमची स्वारी खाली उताराच्या टोकाला. जिथे पाणी साचतं, नेमकं तिथेच."

टायरवाला खो खो हसला. "काय काका, मुद्दाम रुतवता की काय?"

तो सहज बोलून गेला होता. पण लिफ्टवाल्यांचे कान लाल झाले. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला ते कान वाचता येत होते. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विरलं.

टायरवाला शहाणा होता. जॅक आणतो म्हणून आत गेला.

"मुद्दाम?" काकूंनी हळू आवाजात विचारलं.

लिफ्टवाले जुन्या टायरवर बसले. त्यांनी करंगळीला लागलेली काळी भुकटी रुमालाने पुसली, मग पुन्हा पुसली.

"अहो, मी तिथे लाजेने अर्धी होते. लोक मला हसतात. आणि तुम्ही मुद्दाम?"

"चालू लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही," ते म्हणाले.

"आता लिफ्ट कुठून आली मध्येच?"

"ऐक ना. सगळे वर आकड्यांकडे बघत उभे असतात. मजला आला की गेले. पण लिफ्ट अडकली ना, की बोलायला लागतात. मी दार उघडायला जायचो, तर आतून हसण्याचे आवाज यायचे. कोणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, कोणाचं पित्त बळावलंय, सगळं एकमेकांना माहीत झालेलं. एकदा तर एक म्हातारे म्हणाले, जरा थांबा हो, गोष्ट अर्धीच राहिलीय." ते थांबले. "मी दार उघडलं की संपायचं ते. मी नेहमी बाहेर."

काकूंनी एवढं लांबलचक बोलणं त्यांच्या तोंडून कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्यांचा फोन वाजायचा बंद झाला होता. मुलीचा आला तर "हं, हं, आईला देतो." तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा माणूस दिवसभर खिडकीशी बसून असे, आणि काकू एकट्याच बोलत राहत.

"मग सरळ जाऊन बोलावं की लोकांशी. देवाने तोंड दिलंय ना?"

"काय बोलू?"

त्यांनी हे इतकं खरं मनापासून विचारलं, की काकूंना आणखीच राग आला. टायरवाला जॅक घेऊन बाहेर आला, तेव्हा त्यांनी रुंद खाचांच्या टायरकडे बोट दाखवलं.

"हाच लावा. चारही."

गाडी जॅकवर चढताना लिफ्टवाले बाजूला उभे राहून पाहत होते.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा कुरणावर गेले. लिफ्टवाल्यांनी सवयीने गाडी उताराच्या टोकाला लावली आणि काकूंनीही हटकलं नाही. शेवटच्या रात्री पावसाने झोडपून काढलं. सकाळी गवतात पाय घातला की पचपच आवाज येत होता.

काकू स्टिअरिंगवर बसल्या. लिफ्टवाले मागे गेले आणि दोन्ही तळवे गाडीला टेकवून उभे राहिले. काकूंनी क्लच सोडला. गाडी जराही कुरकुर न करता निघाली. टायरवाल्याने लबाडी केली नव्हती. टायर एकेक पाऊल रोवून टाकत होते.

आरशात लिफ्टवाले दिसत होते. गाडी तळव्यांखालून निसटली तरी त्यांचे हात तसेच पुढे राहिले होते. ते तसेच चालत येत होते. दोन्ही बाजूंना माणसं गाड्यांना जोडलेल्या कापडी छताखाली खुर्च्या टाकून बसलेली. एकाने कपावरून नजर उचलली, गाडी जातेय हे पाहिलं आणि परत पेपरात डोकं घातलं. बाकी कोणी मान वर केली नाही. लिफ्टवाल्यांनी हात खाली घेतले. ते खिशात घालावेत की पाठीशी बांधावेत हे त्यांना ठरवता येईना.

जिंकले म्हणून घरी जायचं होतं काकूंना, आणि हे असलं जिंकणं त्यांच्याच्याने बघवत नव्हतं.

फाटक आलं. पलीकडे डांबरी रस्ता.

"छान निघाली," मागून लिफ्टवाल्यांचा आवाज आला. "अशीच हळू घे. जोर देऊ नकोस."

काकूंनी स्टिअरिंग कडेच्या डबक्याकडे वळवलं आणि ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला.

चाकं किंचाळली. चिखलाचा फवारा उडाला, गाडीचं तोंड वाकडं झालं आणि पुढचं चाक निम्मं आत गेलं. काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो! रुतली हो!" त्या ओरडल्या. सगळ्या कुरणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

खुर्च्या सरकल्या. पेपरवाला उठला, त्याच्यामागे एक जोडपं फळी घेऊन आलं, कोणी दोर शोधायला धावलं. सल्लेही आले. लिफ्टवाले खिडकीखाली येऊन उभे राहिले. चष्म्यावर, मिशीवर, सगळीकडे चिखल.

"टायर तर नवेकोरे दिसतात," पेपरवाला वाकून म्हणाला. "रुतली कशी?"

लिफ्टवाल्यांनी चष्मा काढून काकूंकडे पाहिलं.

काकूंनी नजर चाकाकडे वळवली. "काय सांगू," त्या म्हणाल्या. "पाय घसरला माझा."

"या वयात?" लिफ्टवाले म्हणाले.

ते चारचौघांत, मोठ्याने म्हणाले. फळीवाल्या बाईला आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. काकूंनी लाजून पदराने तोंड झाकलं. लिफ्टवाले पेपरवाल्याच्या शेजारी गाडीला खांदा लावून उभे राहिले आणि त्याला विचारू लागले, "तुम्ही कुठून आलात?"