खुणेचं कोकरू

मी चित्रांचं पुस्तक बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, जळफळत बोलतोय. 'दुसऱ्याकडे बघून झुरू नये, आपण आहोत तसे छान आहोत,' ही माझी शिकवण. आणि मी स्वतः मात्र खळीनं चिकटवलेल्या, सुतळीनं शिवलेल्या एका बाडाचा हेवा करत दिवस काढतोय. हसा, खुशाल हसा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मलाही ठाऊक आहे.

माझा जन्म सांगलीतल्या एका छापखान्यातला, सन पंचाहत्तरचा. चार रंगांत छापलेलं, गुळगुळीत कागदाचं, असं बालवाडीचं पुस्तक तेव्हा आमच्या भागात कुणी पाहिलं नव्हतं. मला लिहिणाऱ्या बाई शहरातल्या, मनानं फार चांगल्या. लहान मुलांना कुणी कमी लेखू नये, त्यांनी स्वतःलाही कमी समजू नये, या तळमळीनं त्यांनी मला लिहिलं.

माझ्यात एका हरवलेल्या कोकराची गोष्ट आहे. ते कोंबडीला विचारतं, 'मी तुमचं का?' गाईला विचारतं, मोराला विचारतं. सगळे नाही म्हणतात. मग त्याला वाटतं, आपल्याला पिसारा हवा होता, आपल्याला शिंगं हवी होती. शेवटच्या पानावर ते तळ्यात स्वतःचं तोंड बघतं आणि म्हणतं, 'मी माझं. मी छान!' कोकरू पांढरंशुभ्र, गळ्यात निळी फीत. लेखिकाबाईंनी मेंढरू जवळून कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही, पण चित्र देखणं होतं हे मी म्हणणारच.

एस.टी.च्या टपावरून मी कवठे महांकाळला आलो आणि तिथून आत, एका माळरानावरच्या गावात. चावडीला लागून एक खोली होती, तीच बालवाडी. शाळूची कणसं काढायच्या दिवसांत निम्मीच पोरं यायची, खाऊची सुकडी शिजली की सगळी. त्यांच्या बाई म्हणजे शालूबाई. माहेर कृष्णाकाठचं, उसाच्या रानातलं. नवरा लालासाहेब फौजेत. एकट्या राहून त्यांनी ही बालवाडी पोटच्या पोरासारखी वाढवली होती.

त्यांनी मला हातात घेतलं, छातीशी धरलं, वास घेतला. मला वाटलं, चला, भाग्य उजळलं. आणि त्यांनी मला खाकी कागदात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

"लय भारी पुस्तक हाय," त्या पोरांना म्हणाल्या. "फाटलं तर दुसरं मिळायचं न्हाई. लांबनंच बघायचं, हात लावायचा न्हाई."

दसऱ्याला मला बाहेर काढलं. पाटीवर काढलेल्या सरस्वतीसमोर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पोरांनी रांगेनं नमस्कार केला आणि खेळायला पळाली. देवाच्या वस्तूशी खेळायचं नसतं, हे त्यांना घरूनच शिकवलेलं. माझ्या मुखपृष्ठावर त्या कुंकवाचा डाग अजून आहे. मुलांसाठी जन्मलेलं पुस्तक मी, आणि माझी पूजा झाली!

आता त्या बाडाचं सांगतो. सांगताना अंगाचा तिळपापड होतो, पण सांगतो. शालूबाईंचा दीर मानसिंग कुपवाडच्या एका कारखान्यात होता. तो सुट्टीला येताना खोक्यांचे पुठ्ठे घेऊन आला. माघाच्या थंडीत बाईंनी ते सारखे कापले, एकेका पोराचा पंजा प्रत्येक पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं गिरवला आणि शेजारी त्या त्या पोराच्या घरचं काहीबाही चिकटवलं. कुणाच्या पानावर शाळवाचं कणीस, कुणाच्या पानावर आईच्या फुटक्या बांगडीचा तुकडा, कुणाच्या बापाच्या फौजी टोपीचं बटण. दाभणानं भोकं पाडून सुतळीनं सगळं शिवलं. झालं पुस्तक! ना रंग, ना गोष्ट. खळीचा आंबूस वास, आणि कोपरे उंदरांनी खाल्लेले.

आणि ते दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरायचं. पोरं आपापलं पान काढून त्यावर पंजा ठेवून बघायची, वाढला का म्हणून. 'आपलं पुस्तक' म्हणायची त्याला. पेटीचं झाकण एका बाजूनं नीट बसत नव्हतं; त्या फटीतून मला सगळं दिसायचं. न दिसतं तर बरं झालं असतं.

पुढच्या आषाढात बया आली. धनगराची पोर. तिचा बाप अर्जुना दिवाळीआधी मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, तिकडच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायचा आणि पावसाळ्यात गावी परतायचा. म्हणजे बया गावातली, पण निम्म्या वर्षाची. माघात पंजे गिरवले तेव्हा ती गावात नव्हती.

तिनं पहिल्याच दिवशी ते बाड मांडीवर घेतलं. एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून.

"काय हुडकतीस?" दादासो म्हणाला. चावडीशेजारच्या घरचं हे पोरगं, सगळ्यांत आगाऊ. "ह्यो माझा पंजा. ह्यो गुंडाचा. तुझा न्हाईच."

"का न्हाई?"

"तू हितली न्हाईस. तुमी जाताय की."

बया रडली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं बाड पुन्हा घेतलं, तिसऱ्या दिवशीही घेतलं. रात्रीतून पान उगवेल असं वाटत होतं की काय, कोण जाणे. दुसऱ्यांच्या पानांकडे ती कशी बघायची ते मला चांगलं ओळखू आलं. पेटीच्या फटीतून मी तसाच बघायचो.

खरं सांगू? मला आनंद झाला. त्या बाडाला नको असलेलं एक तरी पोर या बालवाडीत होतं. मी मनात म्हटलं, बयाबाई, तू माझी. मी तुझ्यासाठीच लिहिलेला आहे. फक्त एकदा पेटी उघडू दे.

श्रावणात पंचायत समितीच्या मुख्यसेविका चंद्राबाई बालवाडी बघायला येणार असा निरोप आला. शालूबाईंची धांदल उडाली. जमीन सारवून झाली, भिंतीच्या कडेला गेरूचा पट्टा ओढून झाला, आणि मला पेटीतून काढून, कागद सोडवून टेबलावर ठेवलं. मग त्या पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेल्या. गेरूची वाटी तिथंच राहिली.

बया लवकर आली होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं हात परकराला पुसले आणि मला उघडलं. छापखाना सोडल्यापासून माझ्या पानांना लागलेलं ते पहिलं लहान बोट.

अक्षर तिला येत नव्हतं, पण चित्रांवरून गोष्ट तिला बरोबर कळली. कोंबडीशी थांबली, गाईशी थांबली, मोराशी थांबली. मग पहिल्या पानावर परत आली आणि कोकराच्या पाठीवरून बोट फिरवून त्यालाच म्हणाली, "तुला खूण न्हाई व्हय? मंग कसं घावशील रं?"

धनगर आपल्या मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण करतात. प्रत्येकाची निराळी. बाजारात, वाटेत, दोन कळप मिसळले की खुणेवरून ज्याचं त्याला मिळतं. बयानं वाटीत बोट बुडवलं आणि कोकराच्या पाठीवर दोन आडवे पट्टे ओढून खाली एक ठिपका दिला. तिच्या बापाची खूण. मग प्रत्येक पानावर. शेवटच्या पानावर तर इतका गेरू थापला की एक ओघळ तळ्यात उतरला.

माझ्या चार रंगांत हा पाचवा! मला ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी, लाज सोडून सांगतो, तिनं थांबू नये असंही वाटत होतं. मला आजवर कुणी आपलं केलं नव्हतं.

चंद्राबाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी आधी मलाच उचललं. पान उघडलं. शालूबाईंचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला.

"कुणी केलं हे?" चंद्राबाईंनी विचारलं.

"म्या," बया म्हणाली.

"आगं पण का?" शालूबाई म्हणाल्या.

"ते समद्यास्नी इचारतंय, मी कुणाचं, मी कुणाचं. कुणीच सांगंना. आता आमचं हाय."

चंद्राबाईंनी समजावणीच्या सुरात शेवटचं पान दाखवलं. "अगं वेडे, शेवटी ते म्हणतंय ना, मी माझं म्हणून?"

बयानं मान हलवली. "एकल्या कोकराला लांडगं खातंय, बाई."

चंद्राबाई हसल्या आणि त्यांनी मला मिटून ठेवलं. चहा घेऊन, पोरांची गाणी ऐकून, पुस्तक आता दाखवण्याजोगं राहिलं नाही एवढं बोलून त्या गेल्या.

पोरं बयाकडे टकामका बघत होती. आता तिला मार बसणार, अशी सगळ्यांची खात्री. शालूबाईंनी तिला जवळ ओढलं.

"बया, त्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात रोज काय हुडकतीस गं?"

बयाच्या आधी दादासोच म्हणाला, "तिचं पान न्हाई त्यात, बाई. म्या सांगितलं तिला."

शालूबाईंनी बाड ओढून पानं चाळली. मग पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "चुकलंच की गं माझं. तू परत येनार, ही याद मला ऱ्हायला पायजे हुती."

माझी आशा पालवली. आता बाई मला बयाच्या हातात देणार! नाहीतरी मी नासलेलाच होतो, पेटीत ठेवण्याजोगा उरलो नव्हतो. घे बया, घे.

बाईंनी कात्री घेतली. माझं शेवटचं पान उघडलं आणि खुणेचं कोकरू कडेकडेनं कापून काढलं. एक कोरा पुठ्ठा घेतला, त्यावर बयाचा पंजा गिरवला, आणि पंजाला लागून माझं कोकरू चिकटवलं. मग बाडाची सुतळी सोडून ते पान आत घातलं. शेवटी नाही, बरोबर मधोमध, दादासो आणि गुंडाच्या पानांमध्ये.

बया त्या पानावर हात ठेवून बसली ती सुट्टी झाली तरी उठेना. ज्याच्यावर मी एवढा जळलो, त्याच्याच पोटात माझं कोकरू गेलं, आणि बयाही गेली. तिनं माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आता मी पेटीत नसतो. नासलेल्या पुस्तकाला कोण जपतं? फळीवर पडलेला असतो. पहिल्यांदा गुंडानं मला उचललं. शेवटच्या पानावर कोकराच्या जागी भोक होतं, त्यातून त्यानं आपलं तोंड बाहेर काढलं आणि बाईंना हाक मारली. बाईंनी खाली छापलेलं वाचून दाखवलं, 'मी माझं. मी छान!' पोरं हसून लोळली. तेव्हापासून रोज भांडणं, आधी कोण तोंड घालणार म्हणून. माझे कोपरे दुमडलेत, कणा उसवलाय, पानांवर सुकडीचे हात उमटलेत.

तुम्ही म्हणाल, मग आता कसलं जळणं? अहो, सगळी येतात, बया येत नाही. तिला तिचं पान आहे. ती त्या बाडापाशी बसते, आणि मी फळीवरून बघत राहतो. तेवढं एक मागतो तुमच्याकडे. घरात चित्रांचं पुस्तक असेल तर ते मुलांच्या हातात द्या, फाटू द्या. पूजा करू नका. पूजा झालेल्याच्या नशिबी नुसतं बघणं येतं.

कालच दसरा झाला. उद्या अर्जुनाची मेंढरं हलणार. आज सकाळी बया आली ती काखेत धाकटी बहीण हरणाला घेऊन. हरणा अजून चालत नाही. बया बाडाकडे जाईल म्हणून मी तोंड फिरवायच्या बेतात होतो. ती फळीपाशी थांबली. मला काढलं, शेवटचं पान उघडलं आणि भोक हरणाच्या तोंडावर धरलं.

"हिला अजून पान न्हाई, बाई," ती म्हणाली. "तवर ह्यात बसूं दे."

हरणा हसली. तिची लाळ माझ्या तळ्यात सांडली. बया मला दोन्ही हातांनी धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती, आणि तेवढा वेळ मला त्या बाडाची आठवणही झाली नाही.