वरच्या रानातला बेडूक

माझी धाकटी बहीण व्हर्लिन परदेशात राहून बेडकांचा अभ्यास करते, आणि माझा नवरा रॉल तिचं तोंडही पाहायला तयार नसतो.

चक्रीवादळानं आमची जायफळाची झाडं आडवी केली, तेव्हापासून डोंगराकडचा वरचा तुकडा तोडून तिथं नवी रोपं लावायचं रॉलच्या मनात होतं. व्हर्लिनचं म्हणणं, त्या रानात आमच्या ग्रेनाडा बेटाचा स्वतःचा बेडूक असणार; जगात दुसरीकडे कुठेच नसलेला. पूर्वी त्याला ट्रिनिदादच्या बेडकाची पोटजात समजत, पुढे तो वेगळाच ठरला. पण तो उंचावरून इतका खाली उतरतो, हे कुणी दाखवून दिलं नव्हतं. दाखवलं असतं तर तोड थांबली असती.

एका सकाळी ती वनखात्याची परवानगी घेऊन आली. रॉल कोयता घेऊन वाटेतच उभा.

"भावोजी, बाजूला व्हा."

"अंगणात शिट्ट्या मारतात ते बेडूक कमी पडले काय तुला?"

"ते बाहेरून आलेले. इथले नाहीत."

"मग तू तरी कुठं इथली राहिलीस?"

ती त्याला वळसा घालून रानात शिरली. मागोमाग रॉल, त्याच्यामागे मी. बऱ्याच वेळानं तिनं एक कुजकं पान उचललं. खाली अंगठ्याएवढा, तपकिरी बेडूक बसलेला. ती कॅमेरा काढायला वळली, तेवढ्यात रॉलचा बूट त्याच्यावर पडला.

"कुठाय तुझा बेडूक? दाखव की आता."

व्हर्लिन खाली बसली. चिमट्यानं तो चेंदामेंदा उचलून तिनं स्पिरिटच्या बाटलीत टाकला.

"मला एकही मारायची परवानगी नव्हती. नुसता फोटो नेला असता, तर आमचे अभ्यासक वाद घालत बसले असते. मांसावरून जात पक्की कळते. उपकार झाले तुमचे."

"बाटली दे इकडे." त्यानं कोयता वर घेतला.

मी मध्ये शिरले. "आधी मला तोड."

कोयता खाली आला नाही. व्हर्लिन बाटली घेऊन डोंगर उतरून गेली.

जात तीच निघाली. राखीव रानाची नकाशावरची रेघ आमच्या जमिनीपर्यंत खाली ओढली गेली. रोपं कुंड्यांतच वाळली.

ईस्टरला ती घरी आली. रॉल ताटावरून उठला.

"तिला सांग, माझ्या घरात पाय ठेवायचा नाही."

"मी बहिणीच्या घरी आलेय," व्हर्लिन म्हणाली.

मी तिला वाढलं. अजून घे, असं मात्र म्हटलं नाही.